मुंबई-ठाण्याच्या गॅलरीत ऑर्किड: कुठलं घ्यायचं, कशात लावायचं, पाणी किती घालायचं

ऑर्किडवरचे यूट्यूबचे जे व्हिडिओ आहेत ना, त्यातले निम्मे थंड देशातल्या लोकांनी थंड देशातल्या लोकांसाठी केलेले आहेत. त्यांच्याकडे हिवाळ्यात हीटर लावून घरातली हवा कोरडी ठाक होते, ऊन कधीतरीच दिसतं, म्हणून ते सांगतात ह्युमिडिफायर लावा, दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, आठवड्याला बर्फाचे तीन क्यूब टाका. आपण ते बघून ठाण्याच्या नाहीतर वसईच्या फ्लॅटमध्ये तेच करायला जातो आणि झाड जातं. अहो, आपल्याकडे दमट हवा फुकट आहे, कडाक्याची थंडी नाही, ऑर्किडला जे लागतं त्यातलं पाऊण आधीच हजर आहे. कमी पडते ती मुळांभोवतीची खेळती हवा आणि जास्त होतं ते आपलं पाणी घालणं, बस एवढंच. खाली जे सांगतेय ते मुख्यतः मुंबई-ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यासाठी आहे, पुण्याचं आणि त्यापलीकडचं पुढे वेगळं सांगते.

आपण घरी जी ऑर्किड्स आणतो ती बहुतेक झाडांवर वाढणारी. झाडावर राहतात पण झाडाचं काही खात नाहीत, त्यामुळे कोणी बांडगूळ म्हणालं तर लक्ष देऊ नका, बांडगूळ झाडाचा रस ओढतं, हे बिचारं नुसतं फांदीला धरून बसतं. पाऊस आला की मुळं भिजतात, तासाभरात वाऱ्याने सुकतात, परत पाऊस, परत सुकणं. त्यांच्या मुळांवर एक जाड पांढुरकं आवरण असतं, ते स्पंजसारखं पाणी शोषून घेतं. कोरडं असताना मूळ चंदेरी दिसतं, भिजलं की हिरवं होतं. हा रंग बघायची सवय लावून घ्या, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. मूळ चंदेरी दिसलं तर पाणी द्या, हिरवं असेल तर गप्प बसा. याच मुळांना मातीत पुरून वरून रोज तांब्याभर पाणी घातलं की आत हवाच जात नाही आणि ती कुजतात, आणि मुळं कुजल्यावर झाड पाणी पिऊ शकत नाही म्हणून पानं सुरकुततात, आपल्याला वाटतं तहान लागलीय, म्हणून आपण अजून पाणी घालतो. बहुतेक घरातली ऑर्किड्स अशीच मरतात.

कुठलं घ्यायचं

गिफ्ट म्हणून येतं किंवा मॉलमध्ये दिसतं ते फॅलेनॉप्सिस, मोठ्या फुलपाखरासारखी पांढरी-गुलाबी फुलं, खाली जाड आडवी पानं. दिसायला देखणं, फुलं दोन-तीन महिने टिकतात, पण पहिलं झाड म्हणून मी ते कोणाला सुचवणार नाही. पहिलं घ्यायचं ते डेंड्रोबियम, त्यातही ज्याला सगळे नर्सरीवाले सोनिया म्हणतात ते जांभळं-पांढरं. लग्नाच्या स्टेजवर, बुकेमध्ये, दादरच्या फुलबाजारात ज्या जांभळ्या काड्या दिसतात त्या याच जातीच्या. थायलंडमध्ये याची प्रचंड शेती होते, तिथली हवा आणि आपल्या किनाऱ्याची हवा यात फार फरक नाही, त्यामुळे हे झाड आपल्याकडे आलं की घरी आल्यासारखंच वागतं. उभे उसाच्या कांड्यासारखे खोड असतात, त्यांना केन म्हणतात, त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं म्हणून चार दिवस गावाला गेलात तरी काही होत नाही.

गॅलरीत ऊन भरपूर असेल तर दुसरं झाड व्हँडा किंवा व्हँडापासूनच केलेला संकर मोकारा. उन्हाची बाजूच नसेल तर मग फॅलेनॉप्सिस. ऑन्सिडियम, ती छोटी पिवळी फुलं भरपूर येतात ते, हेसुद्धा जमतं.

काय घेऊ नका ते जास्त महत्त्वाचं. सिम्बिडियम घेऊ नका, जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं विकायला येतं, गवतासारखी लांब पानं आणि मेणासारखी फुलं, बघून मोह होतोच, पण ते थंड डोंगराळ भागातलं झाड आहे आणि त्याला पुन्हा फुलायला गार रात्री लागतात, मुंबईत तुम्ही पुढे वर्षानुवर्षं नुसतं गवत सांभाळत बसाल. डेंड्रोबियममधलाच नोबिल प्रकार, ज्यात फुलं थेट केनवर चिकटून येतात, त्यालाही हिवाळ्यात चांगली थंडी आणि कोरडेपणा लागतो, तोही नको. आणि ऑनलाइन ऑर्किडच्या बियांची पाकिटं मिळतात, निळी, काळी, माकडाच्या तोंडाची वगैरे, ती शुद्ध फसवणूक आहे. ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं, त्यात स्वतःचं अन्न साठवलेलं नसतं, जंगलात विशिष्ट बुरशीची मदत मिळाली तरच ते रुजतं. 1922 मध्ये नड्सन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या घट्ट पदार्थावर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून हे काम लॅबमध्ये निर्जंतुक बाटलीत होतं. कुंडीत बी पेरून ऑर्किड येत नाही, विषय संपला.

झाड घेताना फुलांकडे शेवटी बघा. आधी बुंध्याला धरून हलकं हलवा, डगडगत असेल तर मुळं नाहीत. डेंड्रोबियमला बुडाशी नवीन कोंब फुटलेला असेल तर उत्तम. पान उलटं करून बघा, देठाशी कापसासारखं पांढरं काही दिसलं तर खाली ठेवून द्या, तो पिठ्या ढेकूण असतो आणि तो एकटा येत नाही. फॅलेनॉप्सिसचा मधला गाभा कडक आणि हिरवा हवा. ऑनलाइन मागवताना ‘सीडलिंग’ लिहिलेलं स्वस्त असतं पण त्याला फुलायला दोन-तीन वर्षं सहज लागतात, नवीन असाल तर ‘ब्लूमिंग साइज’च घ्या. प्रत्यक्ष बघून घ्यायचं असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं किंवा पुण्यात एम्प्रेस गार्डनमधलं वार्षिक पुष्पप्रदर्शन गाठा, वेगवेगळे प्रकार एका जागी बघायला मिळतात आणि वाढवणारी माणसंही भेटतात. बँकॉकला फिरायला गेलात तर तिथे ढिगाने आणि स्वस्त मिळतात, पण बॅगेत घालून आणू नका, सगळी ऑर्किड्स सायटिस या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्याचं परमिट आणि फायटोसॅनिटरी (झाडाला रोग-कीड नसल्याचं) सर्टिफिकेट वगैरे लागतं, एअरपोर्टवर जप्त झाली की झाडही गेलं आणि पैसेही.

जागा आणि ऊन

पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोपी. सकाळी नऊ-दहापर्यंतचं ऊन डेंड्रोबियमला थेट लागू द्या, मग दिवसभर नुसता उजेड. पश्चिमेला दुपारनंतरचं ऊन फार कडक असतं, तिथे ग्रिलला 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी ग्रीन नेट लावा. फॅलेनॉप्सिसला अजून सावली, 75 टक्क्यांची नेट किंवा खिडकीच्या आत दोन फूट. हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीशेजारी ठेवलं तर फुलं असेपर्यंत छान दिसेल, पण तिथे कायमचं राहायला त्याला सांगू नका.

उत्तरेच्या गॅलरीची एक गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. वर्षभर तिथे ऊन येत नाही म्हणून आपण बिनधास्त असतो, आणि मे महिन्यात अचानक पानांवर पांढरट करपलेले डाग पडतात. पेपरात शून्य सावलीच्या दिवसाची बातमी येते ना, मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे त्या काळात उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन घुसतं. जून-जुलैत ढग सांभाळून घेतात, पण मे महिन्यात नेट लावायचीच. उलट दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं आणि मेमध्ये जवळजवळ येत नाही, म्हणजे तिथली झाडं हिवाळ्यात मागे सरकवायची.

ऊन पुरतंय का हे पानं सांगतात. गडद काळपट हिरवी पानं बघून आपल्याला झाड तब्येतीत वाटतं पण ऑर्किडमध्ये तो उजेड कमी पडल्याचा रंग आहे, असं झाड फुलत नाही. पोपटी हिरवा रंग बरोबर. पिवळट किंवा लालसर झाक यायला लागली म्हणजे ऊन काठावर आलंय. दुपारी पानाला हात लावून बघा, गरम लागलं तर आजच हलवा, उद्या डाग दिसेल.

कशात लावायचं

माती नाही. कोकोपीट नाही. गांडूळखत नाही. नर्सरीवाला ‘ऑर्किड मिक्स’ म्हणून काळं भुसभुशीत काही देत असेल तर ते गुलाबाला वापरा.

आपल्या दमट हवेसाठी लोणारी कोळसा आणि विटेचे तुकडे यांना तोड नाही. कोळसा लाकडाचा हवा, इस्त्रीवाल्याकडे विचारा, तो देतो नाहीतर कुठून आणतो ते सांगतो. बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या आणि दगडी कोळसा चालत नाही. अंगठ्याएवढे तुकडे करायचे, चुरा सगळा चाळून टाकायचा, आणि मग रात्रभर पाण्यात. हे काम करताना एक काळजी घ्या, धुतलेल्या कोळशाचं पाणी काळंकुट्ट असतं, ते गॅलरीच्या पाइपातून खाली गेलं आणि खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या बेडशीटवर सांडलं तर ऑर्किड हा शब्दसुद्धा सोसायटीत काढता येणार नाही. बाथरूममध्ये धुवा. विटा नीट भाजलेल्या, लाल घ्या, बांधकामाच्या ढिगातली सिमेंट चिकटलेली वीट नको कारण त्यातला चुना मुळांना सोसत नाही.

नारळाच्या सोडणाचे इंचभर चौकोनी तुकडेही चालतात पण मुंबईत मी ते कुंडीच्या चौथा हिस्सा इतकेच घालते, पावसाळ्यात ते सुकतच नाहीत. शिवाय किनाऱ्याकडच्या सोडणात मीठ असतं, दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मगच वापरा. पाइन बार्क, म्हणजे पाइनच्या झाडाच्या सालीचे तुकडे, बाजारात मिळते, महाग असते, फॅलेनॉप्सिसला बरी. स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ, पुण्यापलीकडच्या कोरड्या हवेत कामाचं, आपल्याकडे ते नवशिक्यांनी टाळावं.

कुंडी मातीची, बाजूला भरपूर भोकं असलेली, आणि लहान. लहान म्हणजे खरंच लहान, पाच-सहा केनच्या डेंड्रोबियमला चार-पाच इंची कुंडी पुरते. मोठी कुंडी घेतली की पुढे जागा मिळेल हा हिशोब बाकी झाडांचा आहे, इथे मोठी कुंडी म्हणजे मधोमध न सुकणारा ओला गोळा. भोकांची कुंडी नाही मिळाली तर प्लास्टिकची जाळीची टोपली, फळवाल्याकडची किंवा भांड्यांच्या दुकानातली, तारेने टांगून टाका, काम तेच होतं.

लावायची वेळ फेब्रुवारी ते मे, बुडाशी नवीन कोंब आणि त्याला हिरव्या टोकाची नवी मुळं फुटायला लागली की. झाड जुन्या कुंडीतून काढायच्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवा, भिजलेली मुळं वाकतात, कोरडी कडकन मोडतात. जुनं मिडियम, म्हणजे कुंडीत मुळांभोवती भरलेलं सगळं, काढा. मूळ दाबून बघा, टणक असेल तर ठेवा, दाबल्यावर पाणी सुटलं किंवा सालटं निघून आत दोरा राहिला तर कापा. कात्री आधी गॅसवर गरम करून घ्या, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत, कारण व्हायरस असाच पसरतो आणि त्याला औषध नाही. कुंडीच्या तळाला विटेचे मोठे तुकडे, मग झाड, मग भोवती कोळसा भरत जायचं. जुने केन कुंडीच्या कडेला टेकवा आणि नवीन कोंबासमोर मोकळी जागा ठेवा, कारण झाड त्या दिशेने चालत जाणार. केनचं बूड कोळशाच्या वर दिसलं पाहिजे, पुरायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी झाड काडीला किंवा कुंडीच्या तारेला घट्ट बांधा, ही पायरी लोक गाळतात. झाड हललं की नव्या मुळांची टोकं कोळशावर घासून मरतात आणि महिनोन्महिने ते झाड तिथेच अडकून राहतं. बांधल्यावर दोन-तीन दिवस सावलीत, पाणी नाही, मग हलका स्प्रे सुरू करा.

फॅलेनॉप्सिस आणलं असेल तर फुलं संपली की त्याच्या बुडाशी बोट घालून बघा. बऱ्याचदा मधोमध मॉसचा दाबून भरलेला गोळा निघतो, कधी त्याला छोटा जाळीचा कप पण असतो, रोप लहान असतानाचा तसाच ठेवलेला. बाहेरून कोरडं दिसतं आणि आत तो गोळा आठवडाभर ओला असतो. तो काढून टाकला तर निम्मी लढाई जिंकलात.

पाणी

आठवड्यातून किती वेळा हा प्रश्नच चुकीचा आहे, पण सगळे तोच विचारतात म्हणून अंदाज देते. कोळसा-विटेतलं डेंड्रोबियम मार्च ते मेमध्ये रोज सकाळी, फार तापलं तर संध्याकाळी एक स्प्रे. ऑक्टोबरमध्येही जवळपास रोज. डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवसांनी. पावसाळ्यात झाडाला पाऊस लागत असेल तर तुम्ही काहीच घालू नका. बार्कमधलं फॅलेनॉप्सिस उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्याने. कुंडी उचलून वजन बघायची सवय लागली की हे सगळे आकडे विसराल.

घालताना मात्र सढळ हाताने, तळातून धो धो वाहू दे. चमचा-चमचा पाणी घातल्याने मुळं भिजत नाहीत आणि क्षार साठतात. कुंडीखाली बशी ठेवायची नाही. सकाळीच घालायचं, म्हणजे रात्र पडेपर्यंत पानं कोरडी होतात. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या गाभ्यात पाणी साठलं तर टिश्यूने टिपून घ्या, तिथे साठलेल्या पाण्यानेच गाभा कुजतो आणि गाभा गेला की त्या झाडाला वरून नवीन पान येत नाही. मी फॅलेनॉप्सिस कुंडीत थोडं तिरकंच लावते, जंगलात ते फांदीवरून असं कलंडलेलंच असतं, पाणी आपोआप ओघळून जातं.

पाणी कुठलं यावरही बरंच आहे. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा-वैतरणा-भातसाच्या तलावांचं, ते चांगलं मऊ आहे, बादलीत रात्रभर ठेवून घाला. टँकर किंवा बोअरवेलच्या पाण्यावर असाल तर मात्र कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि मुळांची काळी पडलेली टोकं दिसायला लागतील. तिथे पावसाचं पाणी साठवा, नाहीतर आरओचं शुद्ध पाणी निम्मं मिसळा. आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घाला असं सगळीकडे सांगतात, ऑर्किडला चुकूनही नको, गाळून उरलेले सगळे क्षार त्यातच असतात. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार नसतात, फक्त सर्व्हिसिंगला केमिकल मारलं असेल तर पुढचे काही दिवस सोडून द्या.

खत

यावर फार वेळ घालवू नका. पाण्यात विरघळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), डेंड्रोबियमला लिटरला एक ग्रॅम, फॅलेनॉप्सिसला अर्धा, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून मग. महिन्यातून एकदा नुसतं भरपूर पाणी सोडून कुंडी धुवून काढा. जोर वाढावा म्हणून डोस दुप्पट करण्यात अर्थ नाही, मुळं जळतात. आणि ते व्हॉट्सअपवरचे घरगुती उपाय, केळीच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, ताक, तांदळाचं धुवण, हे ऑर्किडच्या कुंडीत अजिबात नको. कोळशाच्या फटीत ते आंबतं, चिलटं होतात, बुरशी येते. कढीपत्त्याला घाला, तो खूश होईल.

पावसाळा

डेंड्रोबियम आणि व्हँडासाठी हा सुगीचा काळ. जूनमध्ये नवीन केन भराभर वाढतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरपासून फुलांच्या दांड्या निघतात. झाडाला पाऊस लागलेला चालतो, अट एकच, वारं हवं. पाऊस आणि वारा दोन्ही असेल तर काही होत नाही, पाऊस आहे आणि चारही बाजूंनी कुंड्या खेटून ठेवल्यात तर काळी कूज लागणार. जूनच्या आधी कुंड्या टांगून टाका किंवा दोन कुंड्यांत वीतभर अंतर ठेवा. सलग झड लागली आणि चार-पाच दिवस काहीच सुकलं नाही तर आत घेऊन एक रात्र पंख्याखाली ठेवा. फॅलेनॉप्सिस मात्र पूर्ण पावसाळा छपराखाली.

पानावर पाणीदार तपकिरी डाग, दाबला की मऊ आणि वास मारणारा, हा बॅक्टेरियाचा. डागाच्या पुढे इंचभर निरोगी भागातून पान कापा, कापल्या जागी दालचिनीची पूड लावा, झाड कोरडं ठेवा. दालचिनी फक्त पानाच्या कापावर, मुळांवर लावू नका, ती मुळांना पार सुकवते. केन बुडापासून काळा पडत वर चालला असेल तर ती बुरशी, तो केन मुळापासून काढा आणि कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम फवारा, पाकिटावरच्या सूचना वाचून, हातमोजे-मास्क लावून, मुलांना आत पाठवून. कॉपरची औषधं डेंड्रोबियमवर मारू नका, त्याला सोसत नाहीत.

गोगलगाई रात्री येतात आणि कोवळी मुळांची टोकं, कळ्या खातात, सकाळी नुसती चकचकीत रेघ दिसते. संध्याकाळी काकडीची चकती कुंडीत ठेवा, दहा-अकराला टॉर्च घेऊन बघा, सगळी मंडळी तिथेच जमलेली सापडतात. पिठ्या ढेकणाला सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला इअरबड एकेकाला लावायचा, कंटाळवाणं आहे पण काम होतं, आठवड्याने परत. मुंग्या कुंडीत दिसल्या तर ढेकूण शोधाच, मुंग्याच त्यांना पोसतात. आणि कबुतरं. त्यांना दुसरी कुठलीही कुंडी दिसत नाही, नेमकं नुकत्या निघालेल्या दांडीवरच बसायचं असतं, जाळीशिवाय इलाज नाही.

फुलं

डेंड्रोबियमची गोष्ट सरळ आहे, पुरेसा उजेड मिळाला आणि केन पूर्ण वाढून टोकाचं पान आलं की दांडी निघते. पानं गळालेले जुने केन पिवळे-सुरकुतलेले दिसतात म्हणून साफसफाई करताना लोक कापून टाकतात, तसं करू नका, नवीन कोंबाला तेच जेवू घालतात आणि त्यांच्यावर पुन्हा फुलंही येतात. पूर्ण तपकिरी, पोकळ झाला तरच काढा.

फॅलेनॉप्सिसला दांडी काढायला काही आठवडे थोडा गारवा लागतो, साधारण 25 अंशांच्या खालचा. मुंबईत तो डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या रात्रींत मिळतो, म्हणून तेव्हा झाड खिडकीच्या बाहेरच्या ग्रिलवर असू दे, थंडी वाजेल म्हणून प्रेमाने बंद खोलीत घेऊ नका. पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं डोकावलं की सगळ्यांना प्रश्न पडतो, दांडी की मूळ? मुळाचं टोक गोल गुळगुळीत असतं. दांडीचं टोक चपटं, एका बाजूला छोटा अंगठा असल्यासारखं. तेवढे चार-पाच दिवस धीर धरा, कळतं. दांडी निघाल्यावर कुंडी फिरवायची नाही, ती उजेडाकडे वळते, तुम्ही फिरवलीत की ती परत वळते आणि फुलं वेडीवाकडी लागतात.

आता एक खास आपल्याकडची अडचण. कळ्या छान फुगल्यात, दोन-चार फुलं उमललीत, आणि मार्च-एप्रिलमध्ये एका रात्रीत कळ्या पिवळ्या पडून टपाटप गळतात. पाणी बरोबर, ऊन बरोबर, मग काय झालं? त्याच खोलीत पलंगाखाली आंब्याची पेटी आलेली असते. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि ऑर्किडच्या फुलांना तो अजिबात चालत नाही. हापूसची पेटी एका खोलीत, ऑर्किड दुसऱ्या, आणि जागा नसेल तर झाड गॅलरीत, कारण आंबा तर काही बाहेर ठेवता येत नाही. केळ्यांच्या घडाचंही तेच.

व्हँडा

याला कुंडीच नको. लाकडी टोपलीत किंवा नुसतं तारेला टांगायचं, मुळं दोन-दोन फूट खाली लोंबतात. रोज सकाळी मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत स्प्रे करायची, किंवा बादलीत दहा मिनिटं बुडवून परत टांगायचं, उन्हाळ्यात दोनदा. म्हणजे वेळ द्यावा लागतो, रोज ऑफिसला सातची लोकल पकडणाऱ्याने विचार करूनच घ्यावं. पण कोकणात अंगण असेल तर सरळ आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडाला पूर्वेच्या बाजूला बांधून टाका, जूनच्या सुरुवातीला, तंगुसाने किंवा जुन्या नायलॉनच्या सॉक्सच्या पट्ट्यांनी. सुतळी पावसात कुजून सुटते. पावसाळाभर मुळं सालीला चिकटतात आणि पुढे उन्हाळ्यात पाण्याचा एक फवारा मारला की झालं.

याच खोडांवर आपली स्वतःची ऑर्किड्सही असतात, मे-जूनच्या सुमाराला फुलणारी सीतेची वेणी म्हणजे तर खरोखर गजराच लटकलेला. घाटात रस्त्याच्या कडेला अशी उपटून आणलेली झाडं विकायला दिसतात, ती घेऊ नका. जंगलातून काढणं बेकायदा आहे आणि मुळं तुटलेली असल्याने ती फ्लॅटमध्ये सहसा जगत नाहीत. हवीच असेल तर लॅबमध्ये वाढवलेली रोपं काही नर्सऱ्या ठेवतात, विचारून घ्या.

पुणे, नाशिक, नागपूरवाले

तुमच्याकडे थंडी चांगली म्हणून फॅलेनॉप्सिस आमच्यापेक्षा सहज फुलेल, पण मार्च ते मेची कोरडी हवा हीच परीक्षा. कोळशात सोडणाचे तुकडे निम्म्यापर्यंत वाढवा, कुंड्या जवळजवळ ठेवा, खाली ट्रेमध्ये ओली वाळू, वर नेट. नागपूरकडे 45 अंशांच्या लू मध्ये झाडं कूलर असलेल्या खोलीत घ्या, अगदी थेट झोतात नाही. डेंड्रोबियमला डिसेंबर-जानेवारीत रात्री 10-12 अंशांच्या खाली उतरल्या तर पानं गळतात, तेवढे दिवस आत, आणि पाणी एकदम कमी.

शेवटचं, डेंड्रोबियमच्या जुन्या केनच्या टोकाला कधीकधी फुलांऐवजी छोटं रोपच येतं, पानं-मुळांसकट, त्याला केकी म्हणतात. लगेच तोडू नका. त्याची मुळं दोन-तीन इंच झाली की बुडाशी पिरगळून किंवा कापून वेगळं करा, आणि अगदी लहान, तीन इंची कुंडीत कोळशाच्या बारीक तुकड्यांत बांधून लावा. पहिले काही आठवडे आईपेक्षा जरा जास्त सावली, सकाळ-संध्याकाळ हलका स्प्रे, आणि खत नव्या मुळांची टोकं हिरवी दिसायला लागल्यावरच, तेही लिटरला अर्धा ग्रॅम.